भेदरलेल्या माणसाचा फोटो: चॅरिटी रॅपलिंग शूट करायचं तर

इंग्लंडात चॅरिटीसाठी उंच इमारतीवरनं दोरानं उतरणं चांगलंच रुळलेलं आहे, नॉर्थॅम्प्टनला लिफ्टच्या टेस्टिंगसाठी बांधलेला १२७ मीटरचा टॉवर आहे, त्यावरनं पण लोक देणगी गोळा करायला उतरतात. आपल्या साताऱ्यात एवढं उंच काही नाही, आठ मजल्याची बिल्डिंग म्हणजे साधारण पंचवीस मीटर. पण गच्चीच्या कठड्यावर रस्त्याकडं पाठ करून बसलेल्या माणसाला पंचवीस काय नि सव्वाशे काय, पोटात गोळा तेवढाच येतो. आणि इथं उतरणारी माणसं काय ट्रेकर नसतात हो, बँकेतले काका असतात, शाळेतल्या बाई असतात, मेडिकलवाला असतो, त्यांनी आयुष्यात कधी हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधून दोराला अडकवायचे पट्टे, घातलेला नसतो आणि "चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं" म्हणून हो म्हणून बसलेली असतात.

अशा कार्यक्रमाचं शूट तुमच्याकडं आलं तर लग्नाचा अनुभव कामाला येतो, पण अर्धाच. लग्नात आपण नवरा-नवरीला वळा, हसा, मान वर करा म्हणू शकतो. इथं तसलं एक वाक्य चुकीच्या वेळी टाकलं तर माणूस हलतो, हात सोडतो, नाहीतर जागच्या जागी गोठतो. म्हणून पहिल्यापासनं एकच धरून चाला, आपल्यामुळं त्याची भीती एका पैशानं पण वाढता कामा नये. फोटो त्यातनंच चांगले येतात, कारण आपल्याला विसरलेला चेहरा हाच खरा चेहरा असतो.

आधल्या दिवशी भिंत बघून या

हे टाळू नका. ज्या वेळेला कार्यक्रम आहे त्याच वेळेला जाऊन उभं राहायचं आणि ऊन कुठं पडतंय ते बघायचं. हे कार्यक्रम बहुतेक हिवाळ्यातच होतात, पावसाळ्यात भिंतींना शेवाळ असतं आणि उन्हाळ्यात दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडनं कलून जातो त्यामुळं उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत राहते, दक्षिणेची दिवसभर उन्हात, पूर्वेच्या भिंतीवर सकाळी ऊन आणि दुपारनंतर सावली. लाईन, म्हणजे उतरायचा दोर, कुठल्या भिंतीवर लावायची हे इन्स्ट्रक्टर ठरवणार, त्यात आपण नाक खुपसायचं नाही, पण त्यांच्याकडं दोन भिंती सारख्याच सोयीच्या असतील तर आपलं मत जरूर सांगायचं.

माझं मत विचाराल तर सदर बझारच्या बाजूची बिल्डिंग असेल तर पूर्वेची भिंत आणि सकाळची वेळ. कारण सांगतो. उतरणाऱ्याचं तोंड भिंतीकडं असतं. उजवा हात खाली कमरेपाशी, तो ब्रेकचा हात, त्यानं दोर आवळून वेग आवरायचा. डावा हात वर, दोरावर, बरोबर तोंडासमोर. म्हणजे डावीकडनं फोटो काढला तर चेहऱ्याच्या आडवा हात येतो, उजवीकडनं काढला तर चेहरा मोकळा मिळतो. पूर्वेच्या भिंतीवर त्याची उजवी बाजू उत्तरेला येते, आणि आपण ईशान्येच्या कोपऱ्यात उभं राहिलो की फ्रेममध्ये एका बाजूला भिंत, मधे माणूस आणि मागं अजिंक्यतारा. सकाळचं ऊन डावीकडनं येतं, आणि भिंत पांढरी नाहीतर फिकट रंगाची असली की तीच उजेड परत चेहऱ्यावर टाकते. किल्ला मागं आला की तो फोटो साताऱ्याचा झाला, नाहीतर भिंत काय पुण्यातली पण तशीच दिसते. डावखुरा माणूस असला की हात उलटे होतात, ते वर विचारून ठेवायचं.

आता शेजारची बिल्डिंग. खालनं सरळ वर कॅमेरा धरला तर बुटांचे तळवे आणि हार्नेसमधनं आवळलेली मागची बाजू, एवढंच मिळतं. पंचवीस मीटरच्या बिल्डिंगपासनं पंचवीस मीटर मागं गेलो तरी वरच्या माणसाकडं बघायला ४५ अंशात मान वर करावी लागते. त्यामुळं शेजारच्या बिल्डिंगमधली चौथ्या-पाचव्या मजल्याची गॅलरी सगळ्यात भारी, माणूस समोर येतो तेव्हा आपल्या डोळ्याच्या रेषेत असतो. त्या घरी आधल्या दिवशीच जाऊन विचारायचं, सकाळी सात वाजता दार वाजवून "काकू, जरा गॅलरी देता का" म्हणलं तर कोण देईल. पाव किलो कंदी पेढे घेऊन जा, काम होतं. वर चहा पण मिळतो. त्याच फेरीत ज्या भिंतीवरनं उतरायचंय तिथल्या फ्लॅटवाल्यांना वाळत घातलेले कपडे त्या दिवसापुरते काढायला सोसायटीच्या चेअरमनकडनं सांगून ठेवा, फोटोत निधीसाठी उतरणाऱ्या बाईंच्या मागं कुणाची तरी लुंगी फडफडत असते ना, ती एडिटिंगमध्ये काढता काढता रात्र जाते.

इन्स्ट्रक्टरशी आधी बोलणी

दोराचा सगळा कारभार त्यांचा, आपण पाहुणे. पहिला नियम, गच्चीवर बोलणारा आवाज एकच, इन्स्ट्रक्टरचा. आपण नाही, आयोजक नाही, खालनं माईकवाला तर अजिबात नाही. घाबरलेल्या माणसाला तीन बाजूनं सूचना आल्या की तो एकही ऐकत नाही. माणूस कठड्यावर असताना डीजे आणि माईक बंद ठेवायचं आयोजकांकडनं कबूल करून घ्या, पाय टेकल्यावर हलगी वाजवा नाहीतर ताशा वाजवा, कोण नको म्हणतंय.

दुसरं, एक स्टॉप मागून घ्यायचा. सहभागी माणसाला दोन दोर असतात, एकावर तो स्वतः उतरतो आणि दुसरा सेफ्टीचा, जो वरचा माणूस सांभाळतो. इन्स्ट्रक्टरला सांगायचं की सर, पाचव्या मजल्याच्या छज्जापाशी प्रत्येकाला पाच सेकंद थांबवता येईल का, सेफ्टी लॉक करून. बहुतेक जण हो म्हणतात कारण तेवढ्यात त्या माणसाला पण श्वास मिळतो. आपला फायदा असा की फोकस कुठं करायचा, मागं काय येतंय, सगळं आधीच ठरलेलं असतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. "हात करा", "दोन्ही हात वर", "थम्स अप द्या" हे फोटोग्राफरनं कधीच म्हणायचं नाही. उजवा हात म्हणजे ब्रेक. भीतीत माणसाला डावा-उजवा कळत नाही, तुम्ही डावा म्हणाल आणि तो उजवा सोडेल. सेफ्टी दोर आहे म्हणून तो पडणार नाही, पण झटका बसेल, भिंतीवर आपटेल, आणि मग पुढं रांगेत उभे असलेले सगळे ते बघतील. हात हलवून घ्यायचाच असेल तर त्या ठरलेल्या स्टॉपला, लॉक झाल्यावर, इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हा.

आणि रोप वाटेत पडलेला असेल तर त्यावर पाय द्यायचा नाही. अँकरला, म्हणजे दोर जिथं बांधलाय तिथं, बॅग टेकवायची नाही. हे सांगायची गरज नाही वाटतं, पण बघितलंय मी लोकांना करताना.

सामान

दोन बॉडी, म्हणजे दोन कॅमेरे, असतील तर उत्तम, गच्चीवर लेन्स बदलायचीच नाही. वर २४-७० एमएमची लेन्स नाहीतर त्याच्या जवळपासचं काहीतरी, खाली नाहीतर गॅलरीत ७०-२००. फुल फ्रेमला २०० वर, कॅमेरा उभा धरून, ३५ मीटरवरनं साधारण सहा मीटर उंचीचा भाग फ्रेममध्ये येतो, म्हणजे माणूस आणि थोडा दोर, बरोबर हवं तेवढं. क्रॉप सेन्सर असेल तर तेच चार मीटर.

गच्चीवर कॅमेऱ्याला गळ्यातला पट्टा आहे तेवढ्यावर राहू नका, अजून एक लॅनयार्ड, म्हणजे छोटी दोरी, लावून तो आपल्या हार्नेसला अडकवा. हो, आपल्याला पण हार्नेस, कठड्यापासनं हाताच्या अंतरात जायचं असेल तर आपला वेगळा अँकर मागून घ्यायचा, सहभागी लोकांच्या अँकरला नाही. लेन्सचं झाकण, हूड, सैल फिल्टर, खिशातला मोबाईल, पेन, गॉगल, टोपी, जे काय सुटून खाली जाऊ शकतं ते गच्चीवर आतल्या बाजूला एका पिशवीत. आठव्या मजल्यावरनं पडलेलं लेन्सचं झाकण पण खालच्याला लागू शकतं.

सेटिंगवर फार पाल्हाळ लावत नाही. शटर १/५०० च्या खाली नको, वाऱ्यात दोर हलतो आणि घाबरलेले पाय तर लटलट हलत असतातच. एफ ५.६ ते ८, आयएसओ ऑटो. मागं आकाश येत असेल तर एक्सपोजर एक स्टॉप प्लस, पांढरी भिंत असेल तरी थोडं प्लस, नाहीतर चेहरा काळा आणि भिंत राखाडी. डोळ्यावरचा ऑटोफोकस इथं दगा देतो, हेल्मेटची कड आणि समोरचा दोर यात तो गोंधळतो, त्यामुळं सिंगल पॉइंट लावून चेहऱ्यावर ठेवलेला बरा. सायलेंट शटर असेल तर वर तेच वापरा. फ्लॅश गच्चीवर नको, एकदम तोंडावर उजेड पडला की माणूस दचकतो. आपल्याकडं बऱ्याच गच्च्यांना चायना मोझॅक असतं नाहीतर पांढरा वॉटरप्रूफिंगचा कोट, तो खालनं एवढा उजेड परत टाकतो की हेल्मेटखालचा चेहरा आपोआप उजळतो, फ्लॅशची गरजच राहत नाही.

ड्रोनचा विषय निघतोच, कुणाचा तरी भाचा घेऊन येतो. दोर, वारा आणि डोक्यावर घरघर, नकोच. २५० ग्रॅमच्या आतला छोटा असला तरी नको, पंखा दोरात गेला तर काय होईल याचा विचार करा आणि भाच्याला वडापाव खायला पाठवा.

नंबर हेल्मेटवर

ही छोटी गोष्ट आहे पण नंतरचे दोन दिवस वाचवते. छातीवर नंबर लावला की हार्नेसच्या पट्ट्या आणि दोर त्यावर येतात, काही दिसत नाही. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, सगळ्यांची हेल्मेट सारखी, चेहरे अर्धे झाकलेले, कोण कोण आहे ते त्यांच्या घरच्यांना सुद्धा ओळखू येत नाही. म्हणून नंबरचा मोठा स्टिकर हेल्मेटच्या पुढं आणि उजव्या बाजूला. दोन्ही कॅमेऱ्यांनी सुरुवातीला एकाच मोबाईलच्या घड्याळाचा फोटो घ्यायचा, मग वेळ जुळवायला सोपं जातं.

नावनोंदणीच्या फॉर्मवरच फोटोची परवानगी विचारून घ्यायला आयोजकांना सांगा, आणि साधं हो-नाही नको, "फक्त मला पाठवा" आणि "सोशल मीडियावर टाकलं तरी चालेल" असे दोन वेगळे रकाने. अठराच्या आतलं कुणी असेल तर आईवडिलांची सही. ज्यांना सोशल मीडियावर नको आहे त्यांच्या हेल्मेटवर लाल ठिपका, म्हणजे गर्दीत विचारत बसायला नको.

वर, कठड्यापाशी

खरं शूट इथं आहे. हार्नेस घालताना जो माणूस सारखा बोलतोय, जोक मारतोय, त्याच्यावर लक्ष ठेवा, तो कठड्यावर गेला की एकदम गप्प होतो आणि तो बदल चेहऱ्यावर दिसतो. जो आधीपासनं गप्प आहे तो बऱ्याचदा झटक्यात उतरून जातो. रांगेत बसलेल्यांचे फोटो आधीच घेऊन ठेवा, त्या वेळी त्यांना कॅमेऱ्याची सवय होते, आणि बोलायचं असेल तर तेव्हाच बोलून घ्यायचं. "काका, मी त्या कोपऱ्यात असणार, माझ्याकडं बघायचं नाही, सरांकडं बघायचं" एवढं सांगितलं की त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं कमी होतं, पोज द्यायचं. "भीती वाटतेय का" हे मात्र विचारू नका, वाटत नसेल तर वाटायला लागते.

तिथंच नजर टाकून घ्या, ओढणी लोंबतेय का, वेणी पुढं आलीय का, मंगळसूत्र बाहेर आहे का. दोर ज्या आठच्या आकाराच्या धातूच्या कड्यातनं जातो त्यात केस नाहीतर कापड अडकलं की मधेच लटकायची वेळ येते. बघणारे इन्स्ट्रक्टर असतातच, पण आपण लेन्समधनं जवळनं बघत असतो, दिसलं तर हळूच त्यांना सांगायचं, त्या बाईंना नाही.

एक मावशी आठवतात. कठड्यावर बसल्या, पाय आत, पाठ बाहेर करायची होती. उजव्या हातानं दोर धरायचा सोडून अँकरची पट्टी दोन्ही हातांनी गच्च धरली, बोटांची पेरं पांढरी पडलेली, ओठ कोरडे, आणि इन्स्ट्रक्टरला म्हणाल्या, "अवो, मी गॅस बंद केला का नाय आठवंना." इन्स्ट्रक्टर पण तयारीचा, तो म्हणाला, "मावशी, खाली गेल्यावर फोन लावू, खाली जायचा हाच रस्ता जवळचा." त्या हसल्या, आणि हसता हसता एक हात सुटून दोरावर आला. फोटो त्या हाताचा आहे माझ्याकडं, चेहरा त्यात निम्माच आहे. आयोजकांनी नंतर पोस्टरला तोच घेतला. तर सांगायचं असं की चेहऱ्याच्या मागंच लागू नका, पेरं, गुडघे, बुटाची टाच कठड्याच्या कडेवर अर्धी बाहेर, हार्नेसची पट्टी तिसऱ्यांदा चाचपणारी बोटं, भीती तिथं जास्त दिसते आणि त्यात कुणाची चेष्टा पण होत नाही.

मागं झुकायचा क्षण. इन्स्ट्रक्टर सांगतो पाय सरळ, पाय फाकवून, मागं बसा. माणूस उलट करतो, गुडघे वाकवतो आणि भिंतीला चिकटतो. या वेळी शटर दाबायचं पण आपण हलायचं नाही, जागा बदलायची नाही, वाकून पुढं यायचं नाही. आपण आधीच बाजूला, उतरणाऱ्याच्या उजव्या हाताला, दोन-तीन मीटरवर बसलेलं असायचं. उभं नाही, बसलेलं, वर उभा माणूस दिसला की वाकून बघतोय असं वाटतं. वाईड लेन्सनं त्याचा चेहरा आणि त्याच्या मागं खाली लहान दिसणारा रस्ता, रिक्षा, वर माना करून बघणारी गर्दी, ही फ्रेम इथनंच मिळते. स्क्रीन बाहेर वळणारी असेल तर कॅमेरा कठड्याबाहेर हात लांब करून धरता येतो, पण लॅनयार्ड लावलेला असेल तरच, आणि खाली दोराखालची जागा मोकळी आहे याची खात्री करून.

पहिले दोन मीटर उतरला की चेहरा सुटतो. हे जवळपास सगळ्यांचं होतं, दोर आपलं वजन धरतोय हे अंगाला पटतं, आणि मग तो स्वतःच वर बघतो. त्या वेळी इन्स्ट्रक्टरची मान हलली तर नावानं एकदा हाक मारायची, एकदाच. तोंडभर हसणारे फोटो सगळे इथले असतात.

परत फिरणाऱ्यांचं काय

कुणीतरी फिरतंच. कठड्यावरनं परत आत येतं, कधी रडतं. तेव्हा कॅमेरा खाली. खाली म्हणजे खरंच खाली, लेन्स जमिनीकडं, त्यांना दिसेल असं. त्यांनी देणगी गोळा केलेली असते, आठ मजले चढून आलेले असतात, त्यांचा पण फोटो झाला पाहिजे, पण दहा मिनिटांनी, हेल्मेट घालून, अजिंक्यतारा मागं ठेवून, नीट. मी आयोजकांना सांगतो की अल्बममध्ये उतरलेले आणि न उतरलेले असे वेगळे फोल्डर करायचे नाहीत. काही जण तासाभरानं परत येतात आणि उतरतात, ते येतात का नाही हे पहिल्या वेळी आपण कसं वागलो त्यावर पण असतं.

गॅलरीतनं आणि खालनं

एकटेच असाल तर माझा सल्ला गॅलरी. गच्ची सोडायला जिवावर येतं, पण वर इन्स्ट्रक्टरच्या मदतनीसाला एक ॲक्शन कॅमेरा लावून देता येतो, समोरनं मिळणारा फोटो दुसऱ्या कुठनंच मिळत नाही. दोघं असाल तर एक वर, एक गॅलरीत, आणि पाय टेकल्यानंतरचे फोटो आयोजकांच्या एखाद्या चुणचुणीत पोराकडं मोबाईल देऊन घ्या, त्याला फक्त सांगा की झूम करायचा नाही, जवळ जायचं.

दुपारनंतर वारा वाढतो हे सातारकरांना सांगायला नको, चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाहीत. दोर एका बाजूला ढकलला जातो, ठरवलेली फ्रेम बिघडते, त्यामुळं सगळ्यात घाबरलेले लोक सकाळच्या पहिल्या बॅचला घ्यायला सुचवा. त्यांनाही बरं, थांबून थांबून भीती वाढत नाही.

खालनं शूट करणाऱ्यानं एक पाळायचं. बरोबर खाली उभं राहून वर बघून काढलेले फोटो, विशेषतः बायका-मुलींचे, हार्नेसच्या पट्ट्यांमुळं फार वाईट दिसतात. ते काढायचेच नाहीत, चुकून निघाले तर तिथंच डिलीट, आयोजकांना दाखवायला पण ठेवायचे नाहीत. दोराखालच्या दोरी लावून अडवलेल्या जागेत तसंही फोटोग्राफरचं काम नाही, तिथं बिले धरणारा, म्हणजे गरज पडली तर खालनं दोर ताणून उतरणाऱ्याला थांबवणारा, माणूस असतो आणि त्याचं लक्ष आपल्याकडं जाता कामा नये.

आणि गर्दीकडं पाठ करू नका. वर सासू लटकलेली असताना खाली सून काय चेहरा करते ते बघा. लहान पोरं तोंडावर हात घेतात, नवरे उगाच मोबाईलमध्ये बघायचं सोंग करतात. ७०-२०० फिरवा त्यांच्याकडं.

पाय टेकल्यावर

पहिले दहा-पंधरा सेकंद सोन्याचे. गुडघ्यात जीव नसतो, हसू आवरत नाही, कुणी जमिनीवर बसकण मारतं. इथं आवाज द्या, बोला, हसवा, आता सगळं चालतं. फक्त मांडवाच्या बाहेर. लाल-निळं कापड असलं की त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो आणि तो काढायला जावं तर टी-शर्टचा रंग जातो. मोठा चेक आणि पाहुण्यांसोबतचा फोटो मांडवात घ्या, तो तसाही कुणी मोठा करून बघत नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी रात्री प्रत्येकाला एक फोटो गेला पाहिजे. ज्यांनी देणगी दिलीय त्यांना तो माणूस तोच फोटो पाठवणार असतो, आणि ज्यांनी "आधी उतर, मग देतो" म्हटलंय ते तोच मागणार असतात, आठवड्यानं पाठवला तर त्यांचा हात खिशात जात नाही. व्हॉट्सॲपला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर एचडी निवडा, साधा पाठवला की बारीक होऊन जातो. बाकीचे नंबरवार फोल्डर करून आयोजकांच्या ड्राईव्हवर, लाल ठिपकेवाल्यांचे वेगळे, त्यांना ज्याचे त्याला लिंकनं.

एडिटिंगमध्ये हेल्मेटखालची सावली थोडी उचला, भिंतीच्या रेषा सरळ करा. फ्रेम मुद्दाम तिरकी करून उंची वाढवून दाखवायचा मोह होतो, करू नका, खालची रिक्षा वाकडी दिसली की सातारकराला लगेच कळतं. फोटोखाली ओळ लिहायची असेल तर नाव, कशासाठी उतरले ते, बस. "बघा कशी टरकली" असलं काही आयोजकांच्या पेजवर दिसलं तर फोन करून काढायला लावा, आणि पुढच्या वेळी कोटेशनमध्येच ती अट लिहून टाका.